नववीतली लेक, सातारा आणि जपानीची एन-५ परीक्षा : तयारी कशी करावी?

शाहूपुरीकर

नमस्कार मंडळी.

माझी मुलगी नववीत आहे, साताऱ्यातल्या मराठी शाळेत. दिवाळीच्या सुट्टीत तिनं मोबाइलवर बघून जपानी अक्षरं गिरवायला घेतली. मला वाटलं, चार दिवसांचं खूळ. आता जानेवारी संपत आला. हिरागाना आणि काताकाना या जपानीच्या दोन्ही अक्षरमाला तिला पाठ आहेत. भूगोलाच्या वहीच्या मागच्या पानावर घरातल्या सगळ्यांची नावं जपानीत लिहिली आहेत, आमच्या कुत्र्याचंसुद्धा.

तिला येत्या जुलैत पुण्यात जेएलपीटीची, म्हणजे जपानी भाषेच्या पातळी-परीक्षेची, सगळ्यात खालची पातळी, एन-५, द्यायची आहे. माझ्या शंका अशा. आमच्या आसपास क्लास नाही, तर घरी बसून होईल का? जूनला दहावी सुरू होणार. तिचे बाबा म्हणतात, "आधी दहावी होऊ दे, मग जपान काय नि चीन काय." आणि मला सगळ्यात जास्त काळजी याची, की पुस्तकं सगळी इंग्रजीतून. तिचं इंग्रजी बेताचं आहे. जपानीसाठी आधी इंग्रजी पक्कं करावं लागेल का?

ज्यांनी स्वतः परीक्षा दिली आहे किंवा मुलांकडून करून घेतली आहे त्यांनी सांगा. ऐकीव माहिती मला भरपूर मिळाली आहे.

घाटावरचा_वाटसरू

ताई, आधी तारखांचं बघा. ही परीक्षा भारतात वर्षातून दोनदा होते, जुलैच्या आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी. डिसेंबरची दिली तर ती दहावीच्या सराव परीक्षांच्या तोंडावर येईल. जुलैत शाळा नुकती सुरू झालेली असते, घटक चाचणीसुद्धा झालेली नसते. म्हणून जुलैच बरी. नाहीतर सरळ दहावीनंतर.

नोंदणीवर डोळा ठेवा. पुण्याच्या जागा भराभर संपतात. मी "रविवारी निवांत भरू" म्हणालो आणि सहा महिने थांबलो. फोटो आणि ओळखपत्र आधीच स्कॅन करून ठेवा.

हळद_बाजार

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. एन-५ ला बाजारात किंमत नाही. नोकरीसाठी जाहिरातीत एन-३, एन-२ मागतात. दहावीच्या वर्षात त्या कागदासाठी वेळ घालवण्यापेक्षा गणित पक्कं करा. भाषा कुठं पळून जात नाही.

भडंग

@हळद_बाजार, पहिलीच्या प्रगतिपुस्तकालाही बाजारात किंमत नसते हो. तरी आपण सगळे पहिलीत बसलो.

अवांतर: जपानीत 'उशि' म्हणजे गाय, 'मोरि' म्हणजे घनदाट जंगल आणि 'आजि' म्हणजे चव. आमच्या घरी तिसरा शब्द तरी कुणालाच पाठ करावा लागला नाही.

नेको_नको

माझ्या आयडीचा अर्थही सांगून टाकतो. 'नेको' म्हणजे मांजर. आईला मांजर नको, म्हणून हे नाव.

आता कामाचं. मी कराडचा, बारावीत असताना एन-५ दिली आणि नापास झालो. एकूण १८० पैकी मला ९६ मिळाले होते. उत्तीर्ण व्हायला ८० लागतात. मग नापास कसा? कारण ही बेरजेची परीक्षा नाही. शब्द-व्याकरण-वाचन मिळून १२० पैकी किमान ३८ आणि ऐकण्यात ६० पैकी किमान १९ हवेच. मला ऐकण्यात १७ मिळाले.

मी सहा महिने पुस्तकच वाचत होतो. ऐकण्याचा सराव शेवटच्या आठवड्यात केला, तोही कानात हेडफोन घालून. परीक्षेत खोलीत एका स्पीकरवरून सगळ्यांना एकदाच ऐकवतात. परत नाही. बाहेर गाडी वाजली तर वाजली. मागच्या प्रश्नाचा विचार करत बसलं की पुढचा निघून गेलेला असतो. माझे तसे लागोपाठ तीन गेले.

ताई, मुलीला पहिल्या दिवसापासून स्पीकरवर ऐकू द्या. स्वयंपाकघरात मिक्सर चालू असताना ऐकू द्या. खरंच सांगतो.

शाहूपुरीकर

@नेको_नको, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. १७ आणि १९ मधले दोन गुण वाचून वाईट वाटलं. परत दिलीत ना?

नेको_नको

दिली. दुसऱ्यांदा ऐकण्यात ३४. आता एन-४ चं चाललंय.

मिरजेची_तार

शाहूपुरीकर ताई, तुमचा तिसरा प्रश्न वाचून राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

मी मिरजेची. नव्वदीच्या दशकात पुण्याला रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जपानी शिकायला गेले. तेव्हा या परीक्षेच्या चारच पातळ्या होत्या आणि वर्षातून एकदाच, डिसेंबरात व्हायची. खालची पातळी म्हणजे 'योंक्यू'. एन-१ ते एन-५ ही आताची रचना २०१० पासूनची. गेली वीस वर्षं मी सांगलीत घरी मुलांना शिकवते. तेवढ्या अनुभवावर सांगते: आधी इंग्रजी पक्कं करायची काही गरज नाही. मराठी पक्कं असेल तर तुमची लेक निम्मी वाट चालून आलेली आहे.

हे वाक्य बघा: 'त्सुकुए नो उए नि होन गा आरिमासु.' त्सुकुए म्हणजे टेबल, नो म्हणजे चा, उए म्हणजे वर, होन म्हणजे पुस्तक, आरिमासु म्हणजे आहे. टेबलाच्या वर पुस्तक आहे. शब्द एकामागून एक आपल्याच क्रमाने आले. इंग्रजीतून शिकणारा पोरगा हे वाक्य उलटं करून इंग्रजीत नेतो आणि परत सुलटं करतो. त्यात त्याचा वेळ जातो. परीक्षेत चार तुकडे जुळवून वाक्य करायचा आणि चांदणीच्या जागी कुठला तुकडा येतो ते सांगायचा एक प्रश्न असतो. माझी मराठी शाळेतली मुलं तो प्रश्न बघता बघता सोडवतात.

'कोरे वा होन देसु का?' म्हणजे हे पुस्तक आहे का? प्रश्नाचा 'का' वाक्याच्या शेवटी, तोच आणि तिथेच.

आता याहून मोठी गंमत. इंग्रजीत 'मी आवडवतो' अशा धर्तीवर वाक्य असतं, करणारा मी. आपण म्हणतो मला जपानी आवडतं. म्हणजे कर्ता जपानी. जपानी लोकही तसंच म्हणतात, 'निहोंगो गा सुकि देसु'. 'गा' हा कर्त्यामागे लागणारा प्रत्यय. तो कशाला लागला? भाषेला, मला नाही. मला पुस्तक पाहिजे, मला जपानी समजतं, मला पोहता येतं, या सगळ्यांत तिकडे 'गा' आणि इकडे 'मला'. हे चार मराठी धातू वहीत एकाखाली एक लिहायला सांगा: आवडणे, पाहिजे, समजणे, येणे. इंग्रजी पुस्तकं ज्याला अपवाद म्हणून शिकवतात तो आपला नियम आहे.

उच्चारांचंही तसंच. त वर्गाची त्यांची ओळ आहे ता, चि, त्सु, ते, तो. आपल्याकडे 'चिमणी'चा च वेगळा आणि 'चुली'चा च वेगळा. चिमणीचा तो 'चि', चुलीचा तो 'त्सु'. जिऱ्याचा ज आणि जागेचा ज, हाही फरक त्यांच्याकडे आहे. अनुस्वार बघा: 'आंबा' म्हणताना तो म होतो, 'अंक' म्हणताना ङ. त्यांचा एकुलता एक 'न्' असाच वागतो. वर्तमानपत्राला ते 'शिम्बुन' म्हणतात, ब च्या आधी न् चा म झाला. माझ्या विद्यार्थ्यांना हे सांगावंच लागत नाही, तोंडातून आपोआप येतं.

आणि अक्षरांचा क्रम! अ, क, स, त, न, ह, म, य, र, व. ओळखीचा वाटतो ना? तो आपल्या वर्णमालेवरूनच बसवलेला आहे. बौद्ध भिक्षू संस्कृत मंत्रांसाठी सिद्धम् लिपी शिकायचे, त्या अभ्यासातून तो क्रम तिकडे रुजला. ह च्या ओळीचा उच्चार पूर्वी प होता, म्हणून ती न आणि म च्या मधे, आपल्या प वर्गाच्या जागी बसली आहे. तुमच्या लेकीला हे सांगा, तिला फार आवडेल.

मराठीचा हात सोडायचा कुठे, तेही लिहिते. उद्या. आता डोळे दुखायला लागले.

कोरेगावकर

ताई, काय सुरेख लिहिलंत. वाचनखूण साठवली.

भडंग

+१. मिरजेची तार बरोबर लागली.

हळद_बाजार

व्याकरण जुळतं हे मान्य. पण माझा मुद्दा तसाच आहे. उपयोग काय?

कोरेगावकर

@हळद_बाजार, मी एका जपानी कंपनीच्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीत आहे, नाव नको. कंपनीत येणारे जपानी साहेब इंग्रजी बेताचंच बोलतात. दुभाषा असतो, पण तो एक आणि साहेब पाच. मला एन-४ एवढंच येतं. तेवढ्यावर मशीनजवळ उभं राहून "हा भाग गरम होतोय, कालपासून होतोय" हे मी सांगू शकतो. पगार त्यामुळे वाढला असं म्हणणार नाही. पण दोनदा प्रशिक्षणाला जपानला पाठवायची वेळ आली तेव्हा यादीत माझं नाव होतं.

एन-५ वर नोकरी मिळत नाही हे खरंच आहे. पण एन-५ न शिकता कुणी एन-३ ला पोचत नाही.

माणदेशी_गडी

मी आटपाडीकडचा. माझा पोरगा बारावी होऊन बसलाय. त्याला जपानला कामाला जायचंय. एजंट म्हणतोय भाषेची परीक्षा लागंल आन पैसं आधी भरा. ही एन-५ दिली की झालं का?

कोरेगावकर

@माणदेशी_गडी, दादा, थांबा. पैसे भरू नका आधी. विशिष्ट कौशल्य कामगार म्हणून जायचं तर त्या व्हिसासाठी एन-४ किंवा जेएफटी-बेसिक नावाची परीक्षा लागते, आणि शिवाय त्या त्या कामाची कौशल्य चाचणी. भारत-जपान यांच्यात त्याचा करार जानेवारी २०२१ मध्ये झाला. एन-५ त्याला पुरत नाही. एजंट परवानाधारक आहे का हे परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासता येतं. ते बघितल्याशिवाय रुपयासुद्धा देऊ नका.

माणदेशी_गडी

लई उपकार झालं. पोराला बसवून वाचून दाखवतो. मागच्या साली गावातला एक जण असाच अडकलाय.

मिरजेची_तार

आता कालचं राहिलेलं.

मराठी जिथे दगा देते त्या जागा मोजक्या आहेत. पहिली जागा 'नि' आणि 'दे' यांची. आपण म्हणतो, मी वाचनालयात आहे, मी वाचनालयात अभ्यास करते. दोन्हीकडे 'त'. त्यांच्याकडे नुसतं असणं असेल तर 'तोशोकान नि इमासु', काही करणं असेल तर 'तोशोकान दे बेंक्यो शिमासु'. दर वर्षी माझी निम्मी मुलं इथे घसरतात. उपाय साधा: क्रियापद आधी वाचायचं, मग मागे यायचं.

दुसरी जागा 'इमासु' आणि 'आरिमासु' यांची, दोन्हींचा अर्थ 'आहे'. माणूस, जनावर 'इमासु'. वस्तू आणि झाडं 'आरिमासु'. आपल्या दृष्टीने वडाचं झाड सजीव आहे, त्याला आपण सूत गुंडाळतो, पण परीक्षेत ते 'आरिमासु'.

तिसरी, विशेषणाचा भूतकाळ. महाग आहे, महाग होतं. आपण 'आहे'चं 'होतं' करतो, विशेषण तसंच राहतं. जपानीत विशेषणच बदलतं: ताकाइचं 'ताकाकात्ता'. मुलं हमखास 'ताकाइ देशिता' लिहितात. चूक.

चौथी जागा तारखांची, आणि ही पाठच करावी लागते. पहिली त्सुइताचि, दुसरी फुत्सुका, तिसरी मिक्का… दहापर्यंत सगळं वेगळं, मग बहुतेक सरळ, मधेच विसावी हात्सुका. मी मुलांना सांगते, प्रतिपदा, द्वितीया, तृतीया म्हणतो तसं समजा. वेळेतही चार वाजले म्हणजे 'योजि', नऊ वाजले म्हणजे 'कुजि'. ऐकण्याच्या प्रश्नात नेमकं हेच विचारतात.

संख्यांचं मात्र सुख आहे. आपल्याकडे सत्त्याऐंशी, एकोणनव्वद अशी शंभर वेगळी नावं. त्यांच्याकडे सत्त्याऐंशी म्हणजे 'आठ-दहा-सात', हाचिज्यूनाना. फक्त दहा हजाराला वेगळा शब्द आहे, 'मान'. आपला लाख म्हणजे त्यांचे दहा मान, आपला कोटी म्हणजे एक हजार मान.

वा आणि गा यांचा घोळ मी इथे सोडवत नाही. एवढंच सांगते, 'वा'च्या जागी मनात 'तर' म्हणून बघा. 'साकाना वा ताबेमासु गा, निकु वा ताबेमासेन', मासे तर खाते, पण मटण नाही खात. दहापैकी सात वेळा जमतं.

नेको_नको

ताई, यातलं 'ताकाइ देशिता' मी परीक्षेत केलं होतं. आज कळलं की ते चुकलं.

वाळवेकर

थोडा वेगळा सूर लावतो. माझी मुलगी सांगलीत इंग्रजी माध्यमात शिकते आणि इंग्रजी पुस्तकांवरूनच एन-५ झाली. प्रत्येक गोष्ट मराठीत आणायचा अट्टहास नसावा. पुढे शब्दकोश, व्याकरणाची पुस्तकं, चर्चा सगळं इंग्रजीतच आहे. देवनागरीत जपानी लिहायची सवय लागली तर मुलं कानाकडे वळत नाहीत, हे मी शेजारच्या मुलात बघितलं. चार महिने झाले तरी तो 'सेन्सेइ' देवनागरीतच वाचत होता.

मिरजेची_तार

@वाळवेकर, दुसरा मुद्दा शंभर टक्के मान्य. देवनागरी पहिले पंधरा दिवस. त्यानंतर माझ्याकडे वहीत देवनागरी दिसली की मी पान उलटून परत लिहायला लावते. मी मराठीतून समजून घ्यायला सांगते आहे, मराठी अक्षरात लिहायला नाही. पहिल्या मुद्द्यावर मात्र मी हटणार नाही. पुढे इंग्रजी लागतं म्हणून सुरुवातही इंग्रजीतूनच व्हावी, हे काही ओघाने येत नाही.

वाळवेकर

पटलं. सुरुवातीपुरतं मान्य.

घाटावरचा_वाटसरू

ताईंच्या लिखाणाला हात लावत नाही. मी फक्त आकड्यांचा हिशोब मांडतो, कारण मुलीच्या बाबांना तोच दाखवावा लागेल.

एन-५ साठी साधारण आठशे शब्द आणि शंभरेक कांजी, म्हणजे चिनीवरून आलेली चित्राक्षरं, धरतात. आजपासून परीक्षेपर्यंत जवळपास १६० दिवस. म्हणजे दिवसाला पाच शब्द, कांजी रोज एकसुद्धा नाही. व्याकरणासाठी 'मिन्ना नो निहोंगो' या पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या भागातले पंचवीस धडे, आठवड्याला एक केला तरी बावीस-तेवीस होतात, थोडं पळवावं लागेल. रोजचा पाऊण तास. दहावीचं काही बुडत नाही.

पेपर तीन तुकड्यांत: शब्द २० मिनिटं, व्याकरण-वाचन ४० मिनिटं, ऐकणं ३० मिनिटं. सगळं पर्याय निवडून पेन्सिलीनं गोल भरायचं. लिहायचं काही नाही, बोलायचंही नाही. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही गोल कोरा सोडायचा नाही.

नमुना प्रश्न परीक्षेच्या अधिकृत संकेतस्थळावर फुकट आहेत, आवाजासकट. पैसे देऊन 'गाइड' घ्यायच्या आधी ते सोडवा.

आणि एक. यंदा (२०२५) जुलैचा पहिला रविवार ६ तारखेला, त्याच दिवशी आषाढी एकादशी आहे. एसटीच्या जादा गाड्या पंढरपूरकडे लावतात, तेव्हा पुण्याच्या गाडीची खात्री धरू नका. शनिवारीच पुण्यात मुक्काम करा. उशिरा पोचलेल्याला आत घेत नाहीत.

भडंग

म्हणजे साबुदाणा खाऊन जपानी. हे जपानलाही कधी जमलं नसेल.

कृष्णाकाठ

कांजीबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून दोन ओळी. मी चित्रकलेचा शिक्षक आहे, जपानी माझं शौकापुरतं. कांजीला मुलं घाबरतात कारण ती एकदम पूर्ण दाखवतात. झाडाची खूण काढा: एक उभी, एक आडवी, दोन फांद्या. शेजारी दुसरं झाड काढलं की वन. तीन काढली की वर भडंग यांनी सांगितलेली ती 'मोरि'. झाडाच्या बुंध्याशी आडवी रेघ दिली की मूळ, आणि त्यावरूनच पुस्तक. झाडाला माणूस टेकवला की विश्रांती. एका झाडातून पाच कांजी झाल्या.

'मोठा' या खुणेला खाली टिंब दिलं की जाड, वर उजवीकडे टिंब दिलं की कुत्रा. परीक्षेत पर्याय असेच शेजारी शेजारी देतात. म्हणून लिहायचं नसलं तरी हातानं काढाच. बघून ओळखणारा टिंबावर फसतो, काढणारा फसत नाही.

शाहूपुरीकर

सगळ्यांचे प्रतिसाद प्रिंट काढून मुलीच्या टेबलासमोर लावले आहेत. झाडाचं वाचून तिनं लगेच कुत्र्याची कांजी काढून आमच्या कुत्र्याच्या ताटलीवर चिकटवली.

बाबांना पाऊण तासाचा हिशोब दाखवला. "पाऊण तास म्हणजे पाऊण तास" अशी अट घालून परवानगी मिळाली. मिरजेच्या ताई, तुमचं 'आवडणे, पाहिजे, समजणे, येणे' वहीच्या पहिल्या पानावर गेलं आहे.

एक शंका: आम्ही घरातून निघताना 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणतो. तिला कुठेतरी दिसलं की जपानी लोकही असंच म्हणतात. खरं का?

मिरजेची_तार

अगदी खरं! 'इत्ते किमासु'. शब्दशः जाऊन येते. घरातले म्हणतात 'इत्ते राश्शाइ', जाऊन ये. पुढे एन-४ ला पोचली की तिला कळेल की 'खाऊन बघ', 'करून ठेव', 'घेऊन ये' हे सगळं त्यांच्याकडे असंच दोन क्रियापदं जोडून होतं. ताबेते मिरु, खाऊन बघणे. तिथेही बघणेच! मी हे पहिल्यांदा वर्गात ऐकलं तेव्हा वहीत लिहायचंच विसरले होते.

हळद_बाजार

'करून ठेव'सुद्धा? हे मात्र वाचून मजा आली. आमच्या पोरीलाही दाखवतो.

घाटावरचा_वाटसरू

अकरावी-बारावीला बोर्डाच्या विषयांत जपानीही आहे, हे कुणाला हवं असेल तर. सगळ्या कॉलेजांत शिकवत नाहीत, प्रवेशाआधी विचारून घ्या.

शाहूपुरीकर

धागा वर काढते आहे. परीक्षा झाली.

शनिवारी दुपारीच पुण्यात नणंदेकडे गेलो. रविवारी तिला उपास करायचाच होता, सकाळी खिचडी खाऊन गेली. केंद्रावर तिच्या खोलीला लागून पत्र्याची शेड होती. ऐकण्याचा भाग सुरू झाला आणि पावसाची मोठी सर आली. पत्र्यावर नुसता ताशा. बाहेर उभ्या असलेल्या आम्हा पालकांना काही सुचेना. एक आई तर गेटवरच्या माणसाला आत जाऊन सांगायला विनवत होती.

बाहेर आल्यावर लेक म्हणाली, "मिक्सरपेक्षा कमी होता." पाच महिने शेंगदाण्याचं कूट आमच्याकडे जपानी ऐकतच झालं आहे. दोन प्रश्न गेले म्हणाली, पण थांबली नाही, पुढचा घेतला. 'नि' आणि 'दे'चा प्रश्न होता, क्रियापद आधी वाचलं. चांदणीचे सगळे बरोबर वाटतात म्हणते. वाचनातला शेवटचा, वेळापत्रक बघून उत्तर द्यायचा, घाईत भरला.

नेको_नको

मिक्सरचं वाचून मी घरात ओरडलोच. आईने विचारलं काय झालं.

मिरजेची_तार

आता निकालापर्यंत पुस्तक बंद करू देऊ नका, पण पाऊण तासही नको. रोज दहा मिनिटं नुसतं ऐकू दे. बाकी दहावी.

शाहूपुरीकर

ऑगस्टअखेर निकाल लागला. १८० पैकी ११८. भाषा आणि वाचन ८८, ऐकणं ३०. उत्तीर्ण.

बाबांनी राजवाड्यावरून कंदी पेढे आणले आणि देवापुढे निकालाचा कागद ठेवला. आता मात्र जपानी मार्चपर्यंत बंद, हे तिनंच ठरवलं. दहा मिनिटं ऐकणं सोडून.

हळद_बाजार

मनापासून अभिनंदन. जानेवारीत मी इथे जे लिहिलं त्यातला 'किंमत नाही' हा भाग मागे घेतो. आमची धाकटी आठवीत आहे. हा धागा दाखवल्यापासून तिला लागलं आहे. ताई, तुमच्या लेकीची ती पहिल्या पानावर चार धातू लिहिलेली वही बघायला मिळेल का? सांगलीत मराठीतून असं काही लिहिलेलं मला सापडलं नाही.

मिरजेची_तार

@हळद_बाजार, तुमच्या मुलीला एका रविवारी माझ्याकडे पाठवा. घरचा पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते. पण वहीही बघाच, मुलांनी मुलांसाठी केलेली टिपणं माझ्यापेक्षा चांगली असतात.

शाहूपुरीकर

@हळद_बाजार, माझं माहेर सांगलीच. गौरी-गणपतीला येतेय, तेव्हा वही बरोबर आणते. विश्रामबागेत कुठे भेटायचं ते व्यनि करा. फक्त झेरॉक्स काढून त्याच दिवशी परत द्या. मागच्या पंचवीस पानांत कांजी आहेत आणि ती पानं तिला एन-४ ला लागणार आहेत. शिवाय कुत्र्याचं नाव त्याच वहीत आहे.